डाय टाकून सीटी स्कॅन करायला सांगितलाय? काउंटरवर जाण्याआधी हे माहीत असू द्या

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'सीईसीटी अ‍ॅब्डोमेन' असं लिहिलेलं असतं. पुण्यातल्या एखाद्या डायग्नोस्टिक सेंटरला फोन केला की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं: "क्रिएटिनिनचा रिपोर्ट घेऊन या, चार तास काही खाऊ नका, सोबत एक नातेवाईक हवा." फोन ठेवेपर्यंत घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सल्ले सुरू झालेले असतात. "डाय टाकला की किडनी जाते." "मासे खाणाऱ्यांना तो चालत नाही." "साधाच करून घ्या ना, स्वस्तात होतो."

यातल्या काही भीतीला आधार आहे, काही भीती जुन्या औषधांच्या काळातली आहे आणि काही निव्वळ ऐकीव आहे. गंमत म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ग्रुपवर कुणीच विचारत नाही: सेंटरवर जो एक पानाचा फॉर्म हातात देतात, तो कोण भरणार आहे? रुग्ण आत कपडे बदलतोय आणि बाहेर भाचा किंवा जावई भराभर 'नाही, नाही, नाही' अशा खुणा करतोय, हे चित्र नेहमीचं आहे. या तपासणीतले बहुतेक टाळता येण्याजोगे धोके त्या पानावरच पकडले जातात.

थोडक्यात

- सीईसीटी म्हणजे शिरेतून आयोडीनयुक्त औषध (कॉन्ट्रास्ट किंवा बोलीभाषेत 'डाय') देऊन केलेला सीटी स्कॅन.
- किडनी ठीक असलेल्या माणसाला या औषधाने किडनीचा त्रास होण्याची शक्यता फार कमी असते. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर मात्र विशेष काळजी लागते.
- पूर्वी कधी कॉन्ट्रास्टची रिअ‍ॅक्शन आली असेल, तर ही सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे. ती न विचारताही सांगा.
- मासे किंवा कोळंबी खाण्याचा आणि कॉन्ट्रास्टच्या अ‍ॅलर्जीचा खास संबंध नाही.

कॉन्ट्रास्ट म्हणजे नेमकं काय?

सीटी स्कॅन हे मुळात एक्स-रेचंच तंत्र. एक्स-रेची नळी शरीराभोवती फिरते, वेगवेगळ्या कोनांतून मोजमापं घेतली जातात आणि संगणक त्यांतून शरीराचे पातळ काप तयार करतो. माणसावर असा पहिला स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात झाला. हे यंत्र तयार करणारे गॉडफ्री हाउन्सफिल्ड आणि त्यामागचं गणित मांडणारे अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

अडचण एवढीच, की हाड आणि हवा एक्स-रेत स्पष्ट दिसतात, पण यकृत, त्यातली गाठ, शेजारची रक्तवाहिनी, आतड्याची भिंत हे सगळं जवळजवळ सारख्याच करड्या रंगाचं दिसतं. इथे आयोडीन कामाला येतं. आयोडीनचा अणू जड असतो, तो एक्स-रे चांगलेच अडवतो. आयोडीन असलेलं औषध रक्तात मिसळलं की रक्त जिथे जिथे पोहोचतं तो भाग पांढरा दिसू लागतो. गाठीला रक्तपुरवठा किती आहे, गळू आतून पोकळ आहे का, शिरेत गुठळी अडकली आहे का, हे त्यावरून कळतं.

आपल्याकडे वापरात असलेल्या औषधांची नावं आयोहेक्सॉल, आयोपामिडॉल, आयोडिक्सॅनॉल अशी आहेत. ही औषधं किरणोत्सारी नसतात. रेडिएशन येतं ते यंत्रातून, औषधातून नाही.

प्रत्येक सीटीला कॉन्ट्रास्ट लागतो का?

नाही. करोनाच्या काळात पुण्यात हजारो लोकांनी छातीचा एचआरसीटी करून घेतला आणि २५ पैकी स्कोअर किती, हे तोंडपाठ केलं. तो स्कॅन कॉन्ट्रास्टशिवाय होता. किडनी स्टोनसाठीचा सीटी केयूबी, डोक्याला मार लागल्यावर रक्तस्राव पाहण्यासाठीचा स्कॅन, हाड मोडल्याचा स्कॅन, हेही सहसा साधेच असतात.

कॅन्सर कुठवर पसरलाय, पोटात कुठे पू साठलाय का, स्वादुपिंडाची सूज किती गंभीर आहे, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी आहे का, हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्या कुठे अरुंद झाल्यात, या प्रश्नांना मात्र साधा स्कॅन बहुतेक वेळा पुरेसं उत्तर देत नाही. भीतीपोटी किंवा पैसे वाचवायला 'साधाच करा' असं सांगितलं, तर अनेकदा आठवड्याभराने पुन्हा कॉन्ट्रास्ट स्कॅन करावा लागतो. पैसे दोनदा जातात, रेडिएशन दोनदा मिळतं आणि निदान लांबतं. शंका असेल तर काउंटरवर तपासणी बदलू नका. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना विचारा: "साध्या स्कॅनमध्ये किंवा सोनोग्राफीत हे कळणार नाही का?"

आणखी एक गल्लत. सीटीत चुंबक नसतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर यंत्राकडे खेचला जाऊन एका तरुणाचा मृत्यू झाला होता, ती दुर्घटना एमआरआयच्या खोलीतली. एमआरआयचा कॉन्ट्रास्टही वेगळा, गॅडोलिनियम या धातूपासून बनवलेला असतो. "मागे एमआरआयला इंजेक्शन दिलं होतं, काही झालं नाही" यावरून सीटीच्या औषधाबद्दल काहीच ठरत नाही.

किडनीचं काय?

शिरेतून दिलेलं हे औषध शरीर वापरत नाही. किडनी ते गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी चांगली असेल तर साधारण दोन तासांत निम्मं आणि २४ तासांत जवळजवळ सगळं औषध निघून जातं. म्हणून आधी किडनीची चौकशी.

इथे क्रिएटिनिनच्या आकड्याची गफलत होते. "१.४ आहे, थोडंसंच जास्त आहे" असं म्हणून रिपोर्ट बाजूला ठेवला जातो. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. त्यामुळे तोच आकडा दोन माणसांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. २५ वर्षांच्या तरुणाचं क्रिएटिनिन १.४ असेल तर सध्याच्या सूत्राने त्याचा ईजीएफआर ७० च्या आसपास येतो. ७५ वर्षांच्या आजींचं क्रिएटिनिन तेवढंच असेल तर तो ४० च्या आसपास येतो. ईजीएफआर म्हणजे किडनी दर मिनिटाला किती रक्त गाळू शकते याचा वय आणि लिंग धरून काढलेला अंदाज. बऱ्याच लॅब तो रिपोर्टवर छापतात. छापला नसेल तर मागून घ्या.

ढोबळमानाने असं समजा:

- ४५ किंवा त्याहून जास्त: शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टची किडनीसाठी सहसा चिंता नसते.
- ३० ते ४४: बहुतेकांना देता येतो, पण इतर आजार आणि चालू गोळ्या पाहून डॉक्टर ठरवतात.
- ३० च्या खाली किंवा किडनी अलीकडेच अचानक बिघडलेली: स्कॅन खरंच हवा आहे का, दुसरा मार्ग आहे का, याचा विचार होतो. हवाच असेल तर आधी आणि नंतर शिरेतून सलाईन दिलं जातं.

पूर्वी स्कॅननंतर क्रिएटिनिन वाढलं की दोष सरळ कॉन्ट्रास्टला दिला जाई. पुढे संशोधकांनी साधा स्कॅन झालेल्या तशाच आजारी रुग्णांशी तुलना केली, तेव्हा त्यांच्यातही अनेकांचं क्रिएटिनिन वाढल्याचं दिसलं. म्हणजे बऱ्याचदा कारण मूळ आजार, जंतुसंसर्ग, कमी रक्तदाब किंवा इतर औषधं हे होतं. अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनीविषयक संस्थांनी २०२० साली एकत्र येऊन हा धोका पूर्वी जास्त धरला गेल्याचं मान्य केलं. धोका शून्य मात्र नाही. क्रिएटिनिन वाढलं तर ते बहुधा दोन दिवसांत वाढू लागतं आणि आठवड्या-दीड आठवड्यात पूर्ववत होतं. आधीच कमजोर असलेल्या किडनीत ते तसं होईलच असं नाही.

तुमच्या हातात असलेल्या दोन गोष्टी:

पाणी. 'उपाशी या' याचा अर्थ लोक 'पाणीही नको' असा लावतात. एप्रिल-मेच्या उन्हात सातारा किंवा सोलापूरहून एसटीने पुण्यात येणारा ज्येष्ठ माणूस सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता स्कॅनला पोहोचतो. किडनीसाठी ही सगळ्यात वाईट तयारी. बहुतेक वेळा साधं पाणी चालतं. अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या.

वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या किडनीवर ताण आणतात. गुडघेदुखीसाठी रोज घेत असाल तर सांगा.

डायलिसिसवर असलेल्यांनाही गरज पडल्यास कॉन्ट्रास्ट देता येतो आणि त्यासाठी सहसा लगेच जादा डायलिसिस करावं लागत नाही. पण डायलिसिसच्या डॉक्टरांना आधी कळवा.

अर्धांगवायू, मोठा अपघात, महाधमनी फाटल्याची शंका अशा वेळी क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबलं जात नाही. तिथे मिनिटं जास्त मोलाची असतात. कॅज्युअल्टीत "रिपोर्ट न बघता डाय कसा दिला" म्हणून वाद घालण्याआधी हे लक्षात घ्या.

अ‍ॅलर्जी आणि माशांचा गैरसमज

जुन्या काळचा कॉन्ट्रास्ट रक्तापेक्षा कितीतरी पट दाट असे. तो शिरेत गेला की आग व्हायची, उलट्या व्हायच्या. स्वीडनचे रेडिओलॉजिस्ट टॉर्स्टन अल्मेन यांना समुद्रात पोहताना प्रश्न पडला होता, की खारट पाण्याने डोळे चुरचुरतात, मग कमी खारट पाण्याने का नाही? त्यातूनच रक्ताच्या जवळ जाणाऱ्या, सौम्य कॉन्ट्रास्टची कल्पना पुढे आली. आज सीटीला हीच नवी औषधं वापरतात.

फरक किती पडला? जपानमधल्या तीन लाखांहून जास्त रुग्णांची पाहणी १९९० साली प्रसिद्ध झाली. जुन्या औषधाने १०० पैकी सुमारे १२ ते १३ जणांना काही ना काही त्रास झाला, नव्याने सुमारे तिघांना. गंभीर त्रासाचं प्रमाण जुन्यात १० हजारांत सुमारे २२ आणि नव्यात सुमारे ४ होतं.

तुमच्या आई-वडिलांनी १९८० च्या दशकात किडनीसाठी 'आयव्हीपी' केलं असेल आणि "तेव्हा अंगभर गांधी उठल्या होत्या" असं ते सांगत असतील, तर ती जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. आयव्हीपीमध्येही आयोडीनचाच कॉन्ट्रास्ट असतो. पूर्वीची रिअ‍ॅक्शन हा पुढच्या रिअ‍ॅक्शनचा सर्वात मोठा इशारा. अशा वेळी डॉक्टर औषध बदलू शकतात, आदल्या रात्रीपासून स्टेरॉइडच्या गोळ्या देऊ शकतात किंवा दुसरी तपासणी सुचवू शकतात. स्टेरॉइडला काम करायला काही तास लागतात, म्हणून हे टेबलावर झोपल्यावर सांगून उपयोग नाही. दमा असेल किंवा एखाद्या औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर धोका थोडा वाढतो. तेही लिहा.

आता मासे. कोळंबी खाल्ल्यावर अंगाला खाज सुटते ती कोळंबीतल्या प्रथिनामुळे, आयोडीनमुळे नाही. आयोडीन तर आपल्या रोजच्या मिठात आहे आणि थायरॉइडला ते लागतंच. बेटाडीन लावल्यावर त्वचा लाल होते म्हणून कॉन्ट्रास्ट चालणार नाही, असंही नाही. अ‍ॅलर्जी फॉर्मवर जरूर लिहा, पण तेवढ्यासाठी स्कॅन रद्द करू नका.

मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण, स्तनपान

मेटफॉर्मिन: ग्लायकोमेटसारख्या अनेक गोळ्यांत मेटफॉर्मिन असतं. ते किडनीला इजा करत नाही, पण किडनी मंदावली तर शरीरात साठून रक्तातलं आम्ल धोकादायकरीत्या वाढवू शकतं. सध्याच्या मार्गदर्शनानुसार ईजीएफआर ३० किंवा जास्त असून किडनी स्थिर असेल तर शिरेतल्या कॉन्ट्रास्टसाठी ती सहसा थांबवावी लागत नाही. ३० च्या खाली असेल तर स्कॅनच्या वेळेपासून ४८ तास थांबवून, पुन्हा तपासणी करून मग सुरू करतात. काही सेंटर सगळ्यांनाच थांबवायला सांगतात. तसं सांगितलं तर साखरेचं काय करायचं हे आपल्या डॉक्टरांना विचारा.

इन्सुलिन: उपाशीपोटी नेहमीचा डोस घेतला तर साखर घसरू शकते. सकाळची पहिली वेळ मागा आणि डोसबद्दल आधीच विचारा.

थायरॉइड: थायरॉइड कमी असल्याची रोजची गोळी चालू असेल तर सहसा अडचण नसते. थायरॉइड जास्त असेल किंवा रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीनचे उपचार ठरले असतील तर नक्की सांगा. कॉन्ट्रास्टमुळे ते उपचार काही आठवडे पुढे ढकलावे लागू शकतात.

गरोदरपण: पाळी चुकली असेल, शंका असेल, तरी आधी सांगा.

स्तनपान: दूध २४ तास फेकून द्यायची गरज नाही. आईला दिलेल्या औषधाचा एक टक्क्याहून कमी भाग दुधात उतरतो आणि त्यातलाही फार थोडा बाळाच्या पोटातून शोषला जातो.

प्रत्यक्ष तपासणीत काय होतं?

पोटाच्या स्कॅनसाठी काही वेळा तासभर आधी लिटरभर पाणी किंवा औषध मिसळलेलं पाणी हळूहळू प्यायला देतात. त्याने आतडी फुगून स्पष्ट दिसतात. नंतर एक-दोनदा पातळ शौचास होऊ शकतं.

मग हातात इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनला लावतात ती सुई लावतात. औषध पंपाने वेगात जातं, म्हणून चांगली शीर लागते. सहसा गुलाबी टोपणाची सुई असते, रक्तवाहिन्यांच्या स्कॅनला त्याहून जाड हिरवी. स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेला हात किंवा डायलिसिसचा फिस्ट्युला असलेला हात असेल तर "या हाताला नको" असं सांगा.

औषधाचं प्रमाण मोठ्या माणसाला साधारण ५० ते १०० मिली. ते आत जाताना अंग एकदम गरम होतं, तोंडात धातूची चव येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते. हे सगळं मिनिटभरात ओसरतं. ही अ‍ॅलर्जी नाही. घाबरून हललात तर चित्र बिघडतं, एवढंच.

लगेच हात वर करून किंवा ओरडून सांगायच्या गोष्टी वेगळ्या: सुईच्या जागी जोरात दुखणं किंवा फुगणं, घसा आवळल्यासारखं वाटणं, श्वास घ्यायला त्रास, अंगावर खाज, चक्कर. तंत्रज्ञ काचेपलीकडून तुम्हाला पाहत असतो आणि माइकवर ऐकत असतो.

स्कॅन झाल्यावर

गंभीर रिअ‍ॅक्शन बहुतेक पहिल्या काही मिनिटांतच येते. म्हणून अर्धा तास सेंटरवरच बसा. रिक्षा थांबलीय म्हणून सुई काढून घाईने निघू नका. दिवसभर पाणी प्या. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तेवढंच. लघवीचा रंग बदलत नाही.

अंगावर पुरळ तासाभरानंतर, कधी दोन-तीन दिवसांनीही उठू शकतं. ते बहुधा सौम्य असतं, पण कळवा. औषध शिरेबाहेर गेल्याने हात सुजला असेल तर तो उंच ठेवा. फोड आले, बोटं बधिर झाली किंवा सूज वाढत गेली तर त्याच दिवशी दाखवा. श्वास लागला, चेहरा-जीभ सुजली तर थेट कॅज्युअल्टी.

रिअ‍ॅक्शन आलीच तर औषधाचं नाव, तारीख आणि काय झालं हे लेखी मागून घ्या. 'डायची अ‍ॅलर्जी' एवढ्यावरून पुढच्या डॉक्टरांना पर्यायी औषध निवडता येत नाही. औषधांचे दुष्परिणाम रुग्ण स्वतःही सरकारच्या फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर कळवू शकतात.

रेडिएशन किती?

मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले, की एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला लगेच आक्षेप घेतला, आधुनिक यंत्रांवर मात्रा पुष्कळ कमी असते असं सांगितलं. आकडा यंत्रावर, अवयवावर आणि किती वेळा फेरी मारली यावर ठरतो. पोटाच्या एका स्कॅनची मात्रा साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट धरतात. निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. यकृतासाठी दोन-तीन टप्प्यांत फेऱ्या होतात तेव्हा मात्रा वाढते.

योग्य कारणासाठी केलेल्या स्कॅनचा फायदा यापेक्षा मोठा असतो. 'एकदा सगळं चेक करून टाकू' म्हणून केलेल्या स्कॅनचा तसा नसतो. जुन्या फिल्म आणि सीडी सोबत न्या. गावाकडचा स्कॅन पुण्यातल्या डॉक्टरांनी पाहिला आणि तेवढ्यावर भागलं, तर एक फेरी वाचते. देशात सीटी यंत्र चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तो आहे का, हे विचारायला संकोच नको.

खर्चाबद्दल एक सूचना

दर विचारताना 'कॉन्ट्रास्टसह एकूण किती' असं विचारा. इंजेक्शन, सुई, सीडी यांचे पैसे कधी कधी वेगळे लावतात. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात दर बरेच कमी असतात, मात्र रांग असते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होणार असतील तर तपासण्यांचे पैसे आधी खिशातून भरण्यापूर्वी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

निघण्याआधीची यादी

१. क्रिएटिनिन आणि ईजीएफआरचा अलीकडचा, शक्यतो महिनाभरातला रिपोर्ट. मध्ये उलट्या-जुलाब किंवा मोठा ताप झाला असेल तर नवा.
२. चालू गोळ्यांची पाकिटं किंवा त्यांचा मोबाइलवर फोटो.
३. पूर्वीच्या कॉन्ट्रास्टचा, आयव्हीपीचा, अँजिओग्राफीचा अनुभव. घरातल्या ज्येष्ठांना मुद्दाम विचारा.
४. दमा, अ‍ॅलर्जी, थायरॉइड, गरोदरपण यांची माहिती.
५. जुन्या फिल्म, सीडी, रिपोर्ट.
६. पाणी आणि इन्सुलिनबद्दल फोनवर घेतलेलं उत्तर.

आणि सेंटरवर पोहोचल्यावर फॉर्म रुग्णाच्या हातात द्या. चष्मा विसरला असेल तर प्रत्येक प्रश्न त्यांना वाचून दाखवा आणि उत्तर त्यांच्या तोंडून ऐकूनच खूण करा. मागे रांग लागलेली असली तरी ती पाच मिनिटं घ्या.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. गोळ्या थांबवणं, सुरू करणं किंवा तपासणी बदलणं हे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावं.*